परक्या ब्लॉगवर पाहुणी

११ फेब्रुवारी

ब्लीचमध्ये व्हिनेगर! अर्धा कप ब्लीच, अर्धा कप व्हिनेगर, टाइल्सवर ओता, बाथरूमचं दार लावून घ्या आणि पंधरा मिनिटं ‘जादू होऊ द्या’!

जादू नाही होत, क्लोरीन होतो. विषारी वायू. आणि वर दार लावून!

धाकटीने हे शोधून काढलं. आमच्या बेसिनला पिवळा डाग पडलाय, तो घालवायला. एकतीस वर्षं हॉटेलचं हाउसकीपिंग सांभाळलेली सख्खी बहीण शेजारच्या खोलीत बसलेली असताना बाईसाहेबांनी इंटरनेटला विचारलं. ‘ते लेक्चर देत नाही,’ म्हणाली.

ब्लॉग एका तरुण बाईचा आहे. फोटोत एका हातात स्प्रेची बाटली, दुसऱ्या हातात फुलं. नखं रंगवलेली. त्या नखांनी तिने आयुष्यात एक कमोड घासला असेल तर नाव बदलेन. लेख दोन वर्षांपूर्वीचा. ‘सर्वाधिक वाचलेला’ असं वरच मिरवलंय. खाली बायकांच्या प्रतिक्रिया — ‘करून बघते’, ‘थँक्यू’, ‘उद्याच!’ एकीने लिहिलंय, ‘टाइल्स छान निघाल्या पण डोळे खूप चुरचुरले.’ त्यावर हिचं उत्तर काय? एक हसरा चेहरा.

हसरा चेहरा!

मी प्रतिक्रिया लिहिली. सभ्य भाषेत.

१२ फेब्रुवारी

‘तुमची प्रतिक्रिया तपासणीत आहे.’ दोनशे बारा खोल्या तपासायचे मी. आता माझी तपासणी!

१४ फेब्रुवारी

प्रतिक्रिया उडवली. तपासणीत नापास.

धाकटीने काय लिहिलं होतं ते बघायला मागितलं. वाचून चष्मा काढला. ‘ताई, ही प्रतिक्रिया आहे की मेमो?’

‘काय चुकलं त्यात?’

‘“आपले अज्ञान आपल्यापुरते ठेवावे.” ही सभ्य भाषा?’

‘“आपले” म्हटलंय ना? “तुझे” नाही म्हटलं.’

हसून हसून तिला ठसका लागला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१५ फेब्रुवारी

धाकटी म्हणते, सोड ना, जगात काय कमी मूर्ख आहेत? नाही सोडणार. का, ते एकदा लिहूनच ठेवते.

एकोणीस वर्षं झाली. माझ्या हाताखाली एक रूम अटेंडंट होती. तिला सगळे खारूताई म्हणायचे — एवढीशी चण आणि पायांना चाकं. चौदा खोल्या दुपारी एकच्या आत, आणि एकाही पलंगपोसावर सुरकुती नाही. त्या दिवशी हॉटेल भरलेलं. साबणाच्या रिकाम्या बाटलीत स्टोअरवाल्याने ब्लीच भरून दिलेलं. बाटलीवर लेबल साबणाचं! तिने कमोडमध्ये ॲसिड ओतलं होतं, वरून हा ‘साबण’ ओतला. घासण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बाथरूमचं दार लावून काम करायचा आमचा नियम. मी धावत गेले, दार उघडलं, तेव्हा ती टबाची कडा धरून फरशीवर बसली होती. तोंड उघडं. श्वास आत जात नव्हता.

दोन महिने हॉस्पिटलात होती. जीव वाचला, फुप्फुसं नाही. चौतिसाव्या वर्षी नोकरी सुटली. आजही एक जिना चढायला तिला तीनदा थांबावं लागतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं — ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’. मजकूर साहेबांनी सांगितला. सही माझी. विभागप्रमुख मी होते, करावी लागली.

म्हणून तो लेख तिथून जायला हवा. कुठेतरी कोणीतरी आत्ता बाथरूमचं दार लावून घेत असेल.

१८ फेब्रुवारी

तिच्या ब्लॉगच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत — ‘आमच्यासाठी लिहा! पाहुणे लेखक हवे आहेत.’

म्हणजे प्रतिक्रियेला दार बंद, पण लेखाला उघडं! नियम आहेत. आमचे किमान दहा लेख आधी वाचा. विषय एका ओळीत कळवा. स्वतःचा अनुभव हवा. इतर कुठल्या ब्लॉगवर तुमचा लेख आला असेल तर त्याचा दुवा द्या.

ठरलं. समोरच्या दाराने जायचं. दोनतीन निरुपद्रवी लेख द्यायचे, जम बसवायचा, मग मुद्द्यावर यायचं.

धाकटी — ‘म्हणजे तू तिच्या घरात शिरून तिलाच रागावणार?’

‘आधी चहा घेणार. मग रागावणार.’

२१ फेब्रुवारी

काल विनंतीपत्र पाठवलं. तीन पानी. कॉन्व्हेंट शाळेत मदरनी शिकवलं तसं — उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख, विषय, मायना, समास सोडून. फाइल जोडून पाठवली.

आज उत्तर. ‘हाय डिअर! जोडलेल्या फाइल्स आम्ही उघडत नाही. आधीच्या लेखाचा दुवा नसल्यास विचार होणार नाही. हॅव अ स्पार्कलिंग डे!’

डिअर! मी हिच्या आईपेक्षा मोठी असेन.

२२ फेब्रुवारी

दुवा हवा म्हणजे आधी दुसरीकडे कुठेतरी छापून यायला हवं. आणि दुसरेही विचारणार, आधी कुठे आलंय? नोकरीसाठी अनुभव आणि अनुभवासाठी नोकरी. चाळीस वर्षांत काही बदललं नाही.

२६ फेब्रुवारी

एक मासा गळाला लागला! निवृत्त लोकांसाठीचा छोटासा ब्लॉग. चालवतो एक म्हातारा — जन्मभर बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. वाचक अठ्ठेचाळीस, त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचं उत्तर — ‘मॅडम, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. लेख पाठवा.’

ह्याला म्हणतात संस्कार.

२ मार्च

पहिला लेख आला. ‘उशीला वास का येतो’. खाली नाव माझं. तीनदा उघडून बघितलं. मग कपडे वाळत घातले आणि चौथ्यांदा बघितलं.

प्रतिक्रिया दोन. एक रेडिओवाल्याची. दुसरी निनावी — ‘लेखिका स्वतःच्या घरी असं करत नाहीत.’

धाकटी दिवसभर माझी नजर चुकवतेय.

४ मार्च

ब्लॉगवालीने दहा लेख वाचा म्हटलंय. मी सगळे वाचले. एकसष्ट. तीन दिवस लागले.

खरं लिहायचं तर सगळाच कचरा नाही. कपाट लावण्यावरचा लेख चांगला आहे. हे लिहिताना जिवावर येतंय, पण चांगला आहे. लहान मुलाला मांडीवर घेऊन एका हाताने काय काय आवरता येतं यावर एक आहे, तो तर मी दोनदा वाचला. बाई नोकरी करते. एकटीच असावी. ‘आम्ही दोघं’ म्हणते तेव्हा ती आणि मुलगा असतो.

पण इलॅस्टिकच्या चादरीवर एक अक्षर नाही! एकसष्ट लेखांत नाही. खोली द्यायची तर आधी कुठली रिकामी आहे ते बघायचं असतं. सापडली. या वेळी पत्र पाच ओळींचं. विषय पहिल्या ओळीत — ‘इलॅस्टिकची चादर एकटीने चाळीस सेकंदांत घडी घालणे.’ दुसरीत मी कोण. तिसरीत तिच्या वाचकांपैकी तिघींनी हेच कसं विचारलंय, तारखांसकट. चौथीत रेडिओवाल्याकडचा दुवा. पाचवीत आभार.

समास नाही सोडला. मदर मला क्षमा करोत.

६ मार्च

हो म्हणाली!! (मीसुद्धा दोन उद्गारचिन्हं देऊ शकते.)

आठशे शब्द, दोन ओळींचा परिचय आणि एक हसरा फोटो.

९ मार्च

आठशे शब्द एका बैठकीत झाले. दोन ओळींच्या परिचयाला दोन दिवस. पहिल्या मसुद्यात सगळ्या बढत्या होत्या. धाकटी म्हणाली, ‘कोणाची श्रद्धांजली आहे?’ शेवटी उरलं ते असं — ‘एकतीस वर्षं हॉटेलचं हाउसकीपिंग. आता स्वतःचा पलंगही कधीकधी तसाच ठेवते.’ दुसरं वाक्य धाकटीचं. खोटं आहे, पण राहू दिलं.

फोटो तेवीस काढले. ‘प्रत्येकात तू कोणाला तरी नापास करतेयस,’ म्हणाली. चोविसावा बरा आलाय. तेव्हा ती स्टुलावरून घसरली होती.

१४ मार्च

लेख आला. माझी वाक्यं जागेवर आहेत, पण सुरुवातीला हिने स्वतःचं एक घुसडलंय — ‘चादरीची घडी म्हणजे डोकेदुखी ना फ्रेंड्स!!!’ तीन-तीन उद्गारचिन्हं. आगीच्या घंटेलाही मी इतकी ओरडले नव्हते.

संध्याकाळपर्यंत प्रतिक्रिया एकशे बारा.

१६ मार्च

सगळ्यांना उत्तरं दिली. एकूण एक. हॉटेलात तक्रारकार्डांना द्यायचे तशी. आधी आभार. मग तिची अडचण तिच्याच शब्दांत पुन्हा लिहायची, म्हणजे तिला कळतं की आपण वाचलंय. मग उपाय. ‘परंतु’ हा शब्द कधीही नाही. एका पुरुषाने लिहिलं होतं, ‘घडी घालायची कशाला, कोंबून ठेवतो.’ त्यालाही उत्तर दिलं — ‘आपल्या कपाटाला माझी सहानुभूती कळवा.’

ब्लॉगवालीचा निरोप — ‘ताई, इतकी उत्तरं आजवर एकाही पाहुण्याने दिली नव्हती! अजून लेख द्या ना!’

डिअरची ताई झाले. प्रगती आहे.

२२ मार्च

दुसरा लेख — आरशांवर. पहिल्यापेक्षा जास्त चालला. आज तिने फोन केला. मागे मूल रडत होतं, कुकर की काहीतरी शिट्ट्या मारत होतं. ‘ताई, पुढचा लेख तुम्हीच चढवाल का? मी आत शिरायचा पासवर्ड देते. ऑफिस, पिल्लू आणि ब्लॉग — माझा पार भुगा होतो.’

मी म्हटलं, चढवेन. आणि मग, अगदी हलकेच — ‘तुमचा तो टाइल्सचा लेख...’

‘अहो, त्याच्यावरच तर ब्लॉग उभाय! निम्मे लोक त्याच्यासाठी येतात. त्याला हात नाही लावायचा हं!’

‘त्यात एक चूक...’

‘ताई, पिल्लू पडलं, ठेवते!’

पिल्लू खरंच पडलं असेल. पण वेळेवर पडलं.

२५ मार्च

सकाळी दहाला तिसरा लेख चढवायला आत गेले. पाच मिनिटांचं काम. झालंही पाच मिनिटांत.

पण आत गेल्यावर दिसलं की तिने मला नुसती माझ्या खोलीची नाही, सगळ्या घराची किल्ली दिलीय. प्रत्येक लेखाखाली ‘संपादन’. कपाटाच्या लेखातला फोटो आडवा पडलेला. पडद्यांच्या लेखात एकच परिच्छेद दोनदा. मथळे कुठे मधे, कुठे डावीकडे. ‘फ्रेंड्स’ एका पानावर नऊ वेळा.

फोटो सरळ केला. म्हटलं, एवढाच.

संध्याकाळी सहाला धाकटीने माझ्यासमोरून दुपारचं ताट उचललं. न जेवलेलं. तोवर साठ लेख झाले होते. शहाऐंशी ‘फ्रेंड्स’ काढले. उद्गारचिन्हं मोजली नाहीत. पाठ मोडली, पण झाडूनपुसून लख्ख!

एकसष्टावा टाइल्सचा. तो तेवढा तसाच ठेवला.

२६ मार्च

सकाळी सव्वासातला फोन. मला वाटलं, आभार मानायला.

‘काय केलंत तुम्ही माझ्या ब्लॉगचं?’

‘थोडं आवरलं.’

‘आवरलं? माझी भाषा आहे ती! मी अशीच बोलते! लोकांना ती आवडते! “फ्रेंड्स” कुठे गेले माझे?’

मी म्हटलं, एका पानावर नऊ फ्रेंड्स कोणालाच नसतात. नको होतं म्हणायला. तिचा आवाज एकदम बसला. ‘मी हा ब्लॉग पिल्लू पोटात असताना सुरू केलाय. एकेक ओळ. तुम्हाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं.’ फोन बंद. पासवर्ड बंद. तिसरा लेखही काढून टाकला.

धाकटी सगळं ऐकत होती. ‘लोकांकडे जेवायला गेलीस आणि फडताळ लावून आलीस!’

‘वाकडं होतं सगळं.’

‘तिचं होतं ना, पण!’

मी गॅलरीत जाऊन बसले. एकतीस वर्षं खोलीत शिरलं की हात आपोआप उशीकडे जायचा. एकदा दवाखान्यात डॉक्टरांशी बोलताबोलता मी त्यांच्या टेबलावरची पेनं ओळीत लावली होती. पण डॉक्टर निदान हसले होते.

आणि टाइल्सचा लेख आहे तिथेच. आता तर माझ्यासाठी समोरचं दारही गेलं.

२७ मार्च

माफीचं पत्र पाठवलं. पाच ओळी. ‘परंतु’ नाही.

३१ मार्च

उत्तर नाही. टाइल्सच्या लेखाखाली चार नव्या प्रतिक्रिया. ‘उद्याच करते.’

४ एप्रिल

तिचा फोन! मी भाजी चिरत होते, सुरी हातातच राहिली.

आधी म्हणाली, सगळं पहिल्यासारखं केलंय, एका बटणात. माझे आठ तास, एका बटणात! बरं झालं बसलेली होते.

मग म्हणाली, ‘एक विचारायचंय. सगळे लेख उलटेपालटे केलेत. पण ज्याच्यावर तुमचा राग, नेमका त्यालाच हात लावला नाहीत. दोन सेकंदांत पुसून टाकता आला असता. मला सकाळपर्यंत कळलंही नसतं. का नाही पुसलात?’

मला याचा विचार करावा लागला नाही. म्हटलं, ‘आमच्याकडे नियम आहे. सुरकुती काढायची, उशी सरळ करायची. पण पाहुण्याचा कागदाचा कपटासुद्धा केराच्या डब्याबाहेर असेल तर फेकायचा नाही. तो कचरा आहे की नाही हे आपण नाही ठरवायचं. विचारायचं.’

मागे मूल काहीतरी आपटत होतं.

‘मग विचारा,’ म्हणाली.

‘तो लेख काढाल का?’

‘का काढू, ते लिहून द्या. तुमच्या नावाने. मला पटलं तर त्याच जागी तुमचा लावते. पण ताई — भाषण नको. तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं हवं.’

सुरी धुऊन, पुसून जागेवर ठेवली. भाजी तशीच अर्धी.

५ एप्रिल

डोळ्यांसमोर घडलेलं एकच आहे. आणि ते माझ्या एकटीचं नाही. खारूताईला विचारायला हवं.

८ एप्रिल

गेले होते. दहा वर्षांनी. तळमजल्यावर दोन खोल्या, जिना नको म्हणून. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीजवळ शिलाई मशीन — लोकांचे कपडे आखूड-लांब करून देते. केस पांढरे झालेत. चण तेवढीच.

‘या मॅडम. बसा. पलंग तपासू नका, सकाळी घाईत आवरलाय.’

मी तपासला नव्हता. एका कोपऱ्याला दुमड कमी होती.

‘कोपरा बघितलात ना?’ आणि हसायला लागली. हसता हसता खोकला. मग बराच वेळ खोकला. मी पाणी आणायला उठले तर हाताने खूण केली, बसा, थांबतो आपला आपण.

तिला सगळं सांगितलं. ब्लॉग, टाइल्स, व्हिनेगर. तिने कपाळावर हात मारला. ‘दार लावून? अगं आई गं!’

‘तुझी हकीकत लिहू का?’

‘नाव घालणार?’

‘खारूताई एवढंच.’

तिने सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात. डोळे अजून तसेच आहेत. ‘सगळं लिहिणार?’

‘सगळं.’

माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. ‘मग लिहा मॅडम. सगळं लिहा.’

फाटकापर्यंत सोडायला आली. वीस पावलं. मधे एकदा थांबली, माझ्या साडीचा काठ बघितल्यासारखं केलं. मीही थांबले.

१३ एप्रिल

चार वेळा लिहिला. पाठवला. ब्लॉगवालीचं उत्तर — ‘पहिला परिच्छेद काढा. सुरुवात दार उघडण्यापासून करा. रसायनांची माहिती शेवटी, पाच ओळींत. “अक्षम्य” हा शब्द चार वेळा आलाय, एकदाच ठेवा.’

चिडून तसं करून बघितलं. तिचं बरोबर आहे. लेख दुप्पट चांगला झाला. आता कुठे कळतंय, त्या ‘फ्रेंड्स’च्या मागे डोकं आहे.

एक प्रश्नही विचारलाय तिने. ‘ताई, तुम्ही धावत का गेलात? आवाज आला होता का?’

लिहिलं — सवय.

१९ एप्रिल

आला. टाइल्सचा लेख गेला! त्याच पत्त्यावर आता माझा. जो कोणी ‘टाइल्स चकाचक’ शोधेल, त्याला खारूताई भेटेल. वर ब्लॉगवालीने स्वतःच्या नावाने लिहिलंय — ‘दोन वर्षं मी इथे चुकीचा सल्ला दिला. ज्यांनी केला असेल, त्यांची माफी मागते.’ एकही उद्गारचिन्ह नाही.

धाकटीने लेख वाचला. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला गेली. बाहेर ऊन होतं. मी नुसती बसून राहिले.

२१ एप्रिल

जिचे डोळे चुरचुरले होते, तिने लिहिलंय — ‘त्या दिवशी बाळ शेजारच्या खोलीत झोपलं होतं. आज वाचून आधी त्याला उचलून घेतलं.’ हिला उत्तर लिहायला मला अर्धा तास लागला.

रेडिओवाल्याचा निरोप — ‘मॅडम, या वेळी उठून उभा राहिलो.’

तीन ब्लॉगांकडून आमंत्रणं आलीत. स्वतःहून! एक हॉस्पिटलांच्या स्वच्छतेवरचा आहे, दोन लाख वाचक. फेब्रुवारीत माझी फाइलसुद्धा उघडली जात नव्हती. धाकटी म्हणते, आता सेक्रेटरी ठेव. अर्ज तिचाच आहे.

२४ एप्रिल

शांत झोप लागतेय.

२६ एप्रिल

खारूताईचा फोन. लेकीने तिला लेख मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. दोनदा.

‘छान लिहिलंत मॅडम. रिपोर्टचंही लिहिलंत. निष्काळजीपणा माझा नव्हता, असं छापून आलेलं बघितलं. लेकीला तेच हवं होतं हो. लहानपणापासून विचारायची, आई, तू चुकलीस का?’

मी म्हटलं, उशीरच झाला.

‘नाही नाही. फक्त ते स्टोअरवाल्याचं...’ थांबली. श्वास घेतला. ‘तो त्या आठवड्यात रजेवर होता ना? बहिणीच्या लग्नाला गेला होता. आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून भेट दिली होती.’

‘मला नाही आठवत.’

‘हो का.’

मग तिने धाकटीची चौकशी केली. माझ्या गुडघ्यांची केली. बरं बोलली. फोन ठेवला.

२७ एप्रिल

आज काही नाही.

३० एप्रिल

धाकटी विचारतेय, प्रतिक्रियांना उत्तरं का देत नाहीस? साठ-सत्तर साचल्यात.

सगळ्यांत वर एक आहे — ‘त्या स्टोअरवाल्याला शिक्षा झाली की नाही?’ चारशे लोकांनी त्याला बदाम दिलेत. खाली एकाने लिहिलंय, असल्या माणसांची नावं छापा.

सरळ माणूस होता. मागच्या वर्षी गेला.

२ मे

ब्लॉगवालीला पत्र. पाच ओळीही लागल्या नाहीत.

‘लेखात एक दुरुस्ती करायची आहे. त्या दिवशी स्टोअर बंद होतं आणि किल्ली माझ्याकडे होती. बाटली मी भरली.’